घरचे पाणी: चांद्याच्या गोंड राजांनी कोणता जलाशय निवडला?

१/ घराच्या आवारात पोहण्यासाठी जलाशय करायचा म्हटले की आज तीन पर्याय समोर येतात. जागेवर ओतलेले सिमेंट-काँक्रीटचे टाके, खड्ड्यात आणून बसवलेली फायबरची तयार नांद, किंवा मातीच्या खड्ड्याला प्लॅस्टिकचे अस्तर. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या चंद्रपुरात हा प्रश्न केवळ हौसेचा उरत नाही. आणि तो नवाही नाही. ज्यांच्याजवळ जमीन, दगड, मजूर आणि सत्ता सारे काही होते, अशा एका राजघराण्यापुढे तो पाचशे वर्षांपूर्वी उभा राहिला होता. त्या घराण्याने काय निवडले आणि त्यातले काय टिकले, याचा हा धागा.

२/ आरंभ एका स्नानापासूनच होतो. चांद्याच्या गोंड घराण्यातील खांडक्या बल्लाळ शाह याच्या अंगावर फोड होते. कोणत्याही औषधाने गुण येईना. राणी चतुर होती. तिच्या सल्ल्याने त्याने सिरपूर सोडले आणि वर्धा नदीच्या अलीकडच्या काठावर बल्लारपूरचा किल्ला बांधला. एके दिवशी शिकारीत तहान लागली म्हणून तो झरपट नदीच्या कोरड्या पात्रात पाणी शोधू लागला. एका खळग्यात थोडे पाणी दिसले. तो प्याला, त्याने हातपाय आणि तोंड धुतले. त्या रात्री त्याला अनेक वर्षांत आली नव्हती अशी झोप लागली. सकाळी राणीने पाहिले तर फोड ओसरू लागलेले. ती त्या जागी गेली आणि वाळू-गवत दूर करवले, तेव्हा खडकात गाईच्या पाच खुरांचे ठसे निघाले. प्रत्येक ठसा पाण्याने भरलेला, आणि कितीही उपसले तरी न आटणारा. तेथे अंचलेश्वराचे देऊळ उभे राहिले आणि पुढे चंद्रपूर नगर वसले.

३/ ही आख्यायिका आहे, पुरावा नव्हे. खांडक्याचा काळ परंपरेने पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात धरला जातो. त्या घराण्याच्या सुरुवातीच्या सनावळ्या मुळातच सैल आहेत. तरीही या कथेतील एक गोष्ट मला इतिहासाइतकीच मोलाची वाटते. राजधानी कोठे असावी हे येथे सैन्याने ठरवले नाही, व्यापारानेही नाही. ते ठरवले नदीच्या कोरड्या पात्राखाली वाहत्या पाण्याने. या प्रदेशातील लोकांना नदीच्या वाळूत झिरा खणून पाणी काढणे नवे नाही. राजाला देवत्वाने मिळालेले पाणी प्रजेला उन्हाळ्यात रोज कष्टाने मिळत होते, एवढाच फरक.

४/ आता पर्याय पाहू. पहिला, सर्वांत स्वस्त: नदीलाच अंगण मानणे. बल्लारपूरचा किल्ला वर्धेच्या अगदी काठावर आहे. आत राणी महालाचे अवशेष आहेत आणि नदीच्या बाजूला उतरणारे दार आहे. पाणी वाहते, म्हणून ते शिळे होत नाही. बांधकाम फक्त पायऱ्यांचे. परंतु वर्धा ही पावसाळ्यात गढूळ आणि अक्राळविक्राळ होते, तर मे महिन्यात पात्राच्या मध्यावर सरकते. घराच्या दाराशी पाणी हवे असेल तर वर्षातले मोजके महिनेच ते मिळते. शिवाय शत्रूलाही तोच काठ मोकळा असतो.

५/ दुसरा पर्याय पायविहिरीचा, ज्याला आपल्याकडे बावडी असेही म्हणतात. पाणी खोल, थंड, सावलीत, बाष्पीभवन कमी, पायऱ्यांनी उतरून स्नान करता येते. या प्रकाराचे महाराष्ट्रातील सर्वांत राजस उदाहरण चांद्यात नाही, ते साताऱ्याजवळ लिंब येथे आहे. बारा मोटांची ही विहीर १७१९ ते १७२४ या काळात, छत्रपती शाहूंच्या अंतःपुरातील वीरूबाई भोसले यांनी बांधवली. अष्टकोनी विहीर, तिला जोडलेली आणखी एक विहीर, आणि दोहोंच्या मध्ये चक्क महाल. घर आणि पाणी एकाच दगडी रचनेत. योगायोग असा की त्याच सुमारास, १७०४ ते १७१९ पर्यंत, चांद्याचा कारभारही एका स्त्रीच्या हाती होता: राणी हिराई. पती बीर शाह याची समाधी आणि महाकालीचे मंदिर या तिच्या कीर्तीच्या खुणा.

६/ तिसरा पर्याय हौदाचा. चारही बाजूंनी बांधलेला, तळ पक्का केलेला, वरून पाणी भरायचा. आजच्या सिमेंटच्या पोहण्याच्या तलावाचा हाच थेट पूर्वज. याची वंशावळ फार मागे जाते. मोहेंजोदडोचे महास्नानगृह सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि जास्तीत जास्त २.४ मीटर खोल आहे. विटा काटेकोर लावून जिप्समच्या चुन्याने सांधलेल्या, आणि मागे डांबराचा थर. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या गवंड्यांना पुरते ठाऊक होते की हौदाचा खरा शत्रू गळती आहे. पाणी काढून टाकण्यासाठी त्यांनी माणूस चालू शकेल एवढे उंच गटार ठेवले.

७/ मध्ययुगीन दख्खनमध्ये हौदाला ऐट आली. वऱ्हाडात, अचलपूरजवळ, हौज कटोरा आहे: गोल तलाव आणि त्याच्या मधोमध अष्टकोनी मनोरा. पाण्यात बसून वारा खाण्याची ही इराणी-दख्खनी रीत चांद्याच्या शेजारीच नांदत होती. म्हणजे गोंड राजांना हा प्रकार दिसत नव्हता असे म्हणता येणार नाही. मग त्यांनी तो आपल्या महालासाठी का उचलला नाही?

८/ उत्तर जुनोन्याला मिळते. बल्लारपूरच्या ईशान्येला सुमारे सहा मैलांवर, जंगलात, जुनोना तलाव आहे. आज पर्यटक ताडोबाच्या बफर क्षेत्रातील एक प्रवेशद्वार म्हणून हे नाव ओळखतात. एकोणिसाव्या शतकातील गॅझेटियरकारांनी तेथे मोठा सुंदर तलाव, त्याच्या काठी प्राचीन महालाचे अवशेष, मागे सुमारे चार मैल लांबीच्या भिंतीच्या खुणा, आणि तलावाखालून काढलेल्या पाटांची विस्तृत योजना नोंदवली. राजधानी बल्लारपूरला असताना राजघराण्याचे हे विसाव्याचे आणि शिकारीचे ठिकाण.

या वर्णनातील शेवटचा भाग पुन्हा वाचावा. महालासमोर पाणी आहे, ते राजाच्या डोळ्यांसाठी आणि स्नानासाठी आहे हे उघड. पण त्याच पाण्याला खालून वाटा आहेत. म्हणजे तो जलाशय महालापाशी संपत नाही. राजवाड्याच्या खिडकीतून दिसणारे पाणी पुढे कोणाच्या तरी बांधीत जाते. हौदाला हे कधीच जमत नाही. हौद भरण्यासाठी पाणी आणावे लागते आणि संपल्यावर टाकून द्यावे लागते. तलावात पाणी स्वतः येते, थांबते आणि कामाला निघून जाते.

९/ यात तत्त्वज्ञान कमी आणि भूगोल जास्त आहे. चंद्रपूरचा पूर्व भाग आणि गडचिरोली हा झाडीपट्टीचा मुलूख. पाऊस भरपूर, बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जमीन हलक्या उताराची, मध्ये मध्ये टेकड्या, आणि अनेक ठिकाणी पाणी धरून ठेवणारी चिकण माती. अशा भूमीत दोन उंचवट्यांमधील खोलगट जागा पाहून एका बाजूला मातीची पाळ घातली की तीन बाजू निसर्गाने आधीच बांधलेल्या असतात. दगड फोडून हौद घडवण्याचा खर्च येथे निरर्थक होता. पीक धानाचे, आणि धानाला सप्टेंबर-ऑक्टोबरात पावसाने दगा दिला की एकच शेवटचे पाणी सारे वर्ष वाचवते.

१०/ येथे हीर शाह प्रवेश करतो. खांडक्यानंतरचा हा राजा. चांद्याचा जमाबंदी अहवाल १८६९ मध्ये लिहिणारे मेजर लुसी स्मिथ यांनी या राजांविषयीच्या परंपरा गोळा केल्या. त्यांनुसार हीर शाहने फर्मान काढले: जो जंगल तोडून गाव वसवील त्याला ते गाव; आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाने जेवढी जमीन भिजेल तेवढी जमीन.

हे वाक्य साधे दिसते. प्रत्यक्षात ते अभियांत्रिकीचे अत्यंत चतुर सूत्र आहे. तलाव केवळ मोठा असून बक्षीस मिळत नाही. पाणी शेतापर्यंत पोहोचले तरच मिळते. पाळ कच्ची राहून फुटली तर बक्षीसही वाहून जाते. खोल, अरुंद, दिखाऊ जलाशय बांधणाऱ्याला काहीच लाभ नाही. राजाने तपासनीस नेमण्याऐवजी तपासणी पाण्यावरच सोपवली.

११/ या आमंत्रणाचा सर्वाधिक लाभ घेणारा समाज कोहळी. भंडारा ते चांदा या पट्ट्यातील तलावांचे हे परंपरागत कसबी. आपले पूर्वज काशीकडून आले असे ते सांगतात. त्यांनी वसवलेल्या तलावाची भाषा आजही गावात जिवंत आहे. पाळ म्हणजे मातीचा बांध. तुडुम म्हणजे पाणी सोडण्याचे दार. सलंग म्हणजे जादा पाणी वाहून जाण्याची वाट. वरच्या तलावाच्या सलंगीचे पाणी खालच्या तलावात, त्याचे आणखी खालच्या तलावात, अशी साखळी.

आणि या साखळीतील सर्वांत लहान कडी म्हणजे बोडी. एखाद्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीतले, त्याच्या चार-दोन बांध्यांपुरते छोटे तळे. 'घरचा जलाशय' या शब्दांना झाडीपट्टीत खरा प्रतिशब्द शोधायचा तर तो बोडीच आहे. बैल तिथेच पाणी पितात, धान तिथूनच भिजतो, मासळी तिथेच मिळते आणि पोरे पोहायला तिथेच शिकतात.

१२/ थोडे विषयांतर, कारण गडचिरोलीला वगळून पुढे जाणे अन्यायाचे होईल. जिल्ह्याच्या ईशान्य भागातील डोंगरावर टिपागडचा किल्ला आहे आणि किल्ल्यात तलाव. इतक्या उंचीवर पाणी, तेही बारमाही, म्हणून गडाचे सारे महत्त्व. येथील पुरम राजाची कथा सांगतात. शत्रू चालून आला, लढाई झाली, आणि राजा पडला असा समज होऊन राणीने बैल जुंपलेला रथ थेट तलावात घातला. राजा जिवंत परतला तेव्हा पाणी शांत होते. आपल्या लोककथांत घरच्या तलावाला स्वतःचा स्वभाव असतो. तो घराण्याचा साक्षीदार असतो आणि कधी कधी त्याचा शेवटही.

१३/ राजधानी बल्लारपूरहून चंद्रपुरास आली, तेव्हाही हौदाऐवजी तलावच निवडले गेले. शहराच्या तटाला जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे चार दरवाजे. पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट. दोन नद्यांच्या कुशीत असूनही शहराने तलाव बाळगले, आणि त्यांत प्रमुख रामाळा तलाव, बगड खिडकीजवळचा. या तलावातून नळांद्वारे शहरात पाणी आणण्याची व्यवस्था होती. पुन्हा तीच रीत: पाणी साठते एकाच ठिकाणी, पोहोचते अनेकांच्या दारी. लुसी स्मिथ यांनी मागे वळून पाहताना गोंड राजवटीचा गौरव करताना तिच्या बांधकामांचा मुद्दाम उल्लेख केला, आणि त्यानंतरच्या राजवटींना तशी समृद्धी साधली नाही असे स्पष्ट लिहिले. इंग्रज अधिकाऱ्याने जिंकलेल्या मराठ्यांपेक्षा आधीच्या गोंडांची बाजू घ्यावी यात थोडे राजकारण आहे, हेही लक्षात ठेवावे. पण तलाव त्याच्या डोळ्यांसमोर होते.

१४/ पुढचा काळ झपाट्याने पाहू. १७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेले. १८५३ मध्ये नागपूर राज्य खालसा झाले. १८६० च्या दशकात इंग्रजांनी मालगुजारांना गावांची मालकी दिली, त्याबरोबर तलावही त्यांचे झाले. म्हणून आज आपण त्यांना मालगुजारी तलाव, तोंडी भाषेत 'मामा तलाव' म्हणतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सरकारने आसोलामेंढा, नलेश्वर, घोडाझरी असे मोठे प्रकल्प उभारले. मग १९५१ मध्ये मालगुजारी संपली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून सहा हजारांहून अधिक तलाव शासनाकडे आले. मालगुजाराचा जाच गेला, हे उत्तमच झाले. पण दर उन्हाळ्यात गाळ काढायला आणि पाळीवरचे उंदरांचे बीळ बुजवायला गावाला बोलावणारे कोणीच उरले नाही. हीर शाहच्या सूत्रात तलाव नीट ठेवणाऱ्याला जमीन मिळत होती. १९५१ नंतर नीट ठेवणाऱ्याला काय मिळणार, हे कोणी ठरवलेच नाही.

१५/ इथे एक अप्रिय प्रश्न टाळता येत नाही. तलाव 'सर्वांचा' म्हणजे कोणाचा? गावच्या पाण्यावर जातीचे पहारे होते. मालकीचा शब्द किती धारदार असतो हे महाडने दाखवले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी न्यायालयात जाऊन मांडलेला मुद्दा नेमका हाच होता की हे तळे सार्वजनिक नाही, खासगी आहे. दहा वर्षे खटला चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला. पुढे नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी ज्या नगरात धम्मदीक्षा दिली ते चंद्रपूर. तलावाचा प्रकार निवडणे म्हणजे काठावर कोणाला उतरू द्यायचे हेही निवडणे, हे या दोन तारखा शेजारी ठेवल्या की दिसते.

१६/ आता आजच्या आवारात परत येऊ आणि थोडे गणित करू. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी १.४ मीटर खोल असे साधे घरगुती टाके धरा. भरायला सुमारे ४५,००० लिटर पाणी लागते. मे महिन्याच्या उन्हात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला एक सेंटीमीटर जरी खाली गेली तरी रोज ३२० लिटर पाणी हवेत जाते, महिन्याला जवळजवळ दहा हजार. हे पाणी बहुधा कूपनलिकेचे, म्हणजे शेजाऱ्याच्याही विहिरीखालचे. त्यात क्लोरीन असल्याने ते झाडांना थेट घालता येत नाही. बाहेर जायला त्याला गटाराखेरीज वाट नाही.

सिमेंट, फायबर की अस्तर, या वादात खर्च, आयुष्य आणि तडे यांची चर्चा होते आणि ती आवश्यकच आहे. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते; अशा जमिनीत तयार नांद पायाशिवाय बसवली तर ती हलते, आणि काँक्रीटला सळ्या कमी पडल्या तर तडा जातो. पण तिन्ही प्रकार हौदाच्याच कुळातले आहेत. चांद्याच्या राजांनी पाहून बाजूला ठेवलेले ते कूळ.

१७/ बोडीचे कूळ मात्र अनपेक्षित ठिकाणी पुन्हा उगवले. ऑस्ट्रियात १९८० च्या दशकापासून 'नैसर्गिक पोहण्याचे तलाव' लोकप्रिय झाले. जलाशयाचे दोन भाग: एकात माणसांनी पोहायचे, दुसऱ्या उथळ भागात पाणवनस्पती. पाणी दोहोंत फिरत राहते, वनस्पती आणि सूक्ष्मजीव ते स्वच्छ ठेवतात, क्लोरीन नाही. आपल्या तलावांत उथळ काठाला पाणवनस्पती, मध्ये खोल पाणी, ही रचना गावकऱ्यांच्या पाहण्यातली आहे. ढिवर समाजाला यातील कोणती वनस्पती माशांना मानवते हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. युरोपात याची किंमत मोजून रचनाकार बोलवावा लागतो.

राज्यात २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि हाच जुना वाद शेतात पोहोचला: प्लॅस्टिक अस्तर घालायचे की नाही? मराठवाड्यातील फळबागेसाठी, जिथे विहिरीचे पाणी उन्हाळ्यापुरते साठवायचे आहे, अस्तराला तर्क आहे. झाडीपट्टीत चिकण मातीवर अस्तर घालणे म्हणजे बोडीचा हौद करणे. अस्तराच्या सरळ, घसरड्या काठावरून पाण्यात गेलेले मूल किंवा जनावर सहज वर येऊ शकत नाही, हा धोका वेगळाच. बोडीच्या उतरत्या मातीच्या काठाला तो नाही.

१८/ आणि रामाळा? शहर वाढले, सांडपाणी तलावात उतरले, जलपर्णीने पृष्ठ झाकले. फेब्रुवारी २०२१ मध्ये इको-प्रो संस्थेचे बंडू धोत्रे यांनी तलावाच्या खोलीकरणासाठी आणि सांडपाणी रोखण्यासाठी अन्नत्याग सत्याग्रह केला. हीच संस्था त्याआधी किल्ल्याच्या तटावरील झाडोरा आणि कचरा श्रमदानाने काढत होती. सत्याग्रहामुळे शासनाला दखल घ्यावी लागली आणि तलाव रिकामा करून गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. त्या सत्याग्रहाच्या मागण्यांत पाणी आत कोठून येते आणि काय घेऊन येते, हा मुद्दा गाळाइतकाच ठळक होता.

१९/ चंद्रपूरला गेलात तर क्रम असा ठेवा: आधी अंचलेश्वर आणि झरपट, मग बगड खिडकीकडून रामाळा, नंतर बल्लारपूरचा किल्ला, आणि शेवटी जुनोना. शक्य असल्यास पावसाळा संपता संपता जा, तलाव काठोकाठ असताना. जुनोन्याला महालाकडे पाठ करून उभे राहा आणि पाणी कोणत्या बाजूने आत आले असेल ते उतारावरून ओळखण्याचा प्रयत्न करा. पुढील धागा वैरागडच्या हिऱ्यांवर.